फॅशन स्टायलिस्टचे शिक्षण : वर्गात किती, बाजारात किती?

कपडे शिवणारा शिंपी आणि कपड्यांची रचना करणारा डिझायनर हे दोन्ही व्यवसाय समाजाला चांगले परिचित आहेत. तयार वस्त्रांतून निवड करून एखाद्या व्यक्तीचे संपूर्ण रूप घडवणारा स्टायलिस्ट हा व्यावसायिक त्या मानाने नवा आहे. गेल्या काही वर्षांत या क्षेत्राकडे वळणाऱ्या तरुणांची संख्या वाढली असून त्यांच्यासाठी पदवीपासून काही आठवड्यांच्या वर्गांपर्यंत अनेक अभ्यासक्रम उपलब्ध झाले आहेत. मात्र प्रमाणपत्र हाती आल्यानंतरही सहायक म्हणून उमेदवारी करावीच लागते. त्या काळातील अल्प उत्पन्नाचा विचार प्रवेश घेताना क्वचितच केला जातो. या शिक्षणाचे स्वरूप, त्याचे मार्ग आणि त्यासाठी मोजावी लागणारी खरी किंमत यांचा हा आढावा.

स्टायलिस्ट नेमके काय करतो?

डिझायनर नवे वस्त्र निर्माण करतो. चित्रपटाचा वेशभूषाकार कथेतील पात्राचा काळ, वर्ग आणि स्वभाव लक्षात घेऊन पोशाख ठरवतो. स्टायलिस्ट अस्तित्वात असलेली वस्त्रे, पादत्राणे आणि दागिने एकत्र आणून त्यांची मांडणी करतो. छायाचित्र, जाहिरात, पुरस्कार सोहळा किंवा ऑनलाइन दुकानाचे पान यांपैकी कशासाठी काम आहे, यावर त्याची निवड अवलंबून असते. प्रत्यक्षात या तीन भूमिकांच्या सीमा अनेकदा एकमेकींत मिसळतात.

हा व्यवसाय प्रामुख्याने नियतकालिकांच्या कचेऱ्यांत आकाराला आला. १९८०च्या दशकात लंडनमधील रे पेट्री यांनी खेळाडूंचे कपडे, लष्करी जाकिटे आणि टोप्या यांचा अनपेक्षित मेळ घालून छायाचित्रे सिद्ध केली. स्वतः वस्त्र न शिवताही केवळ निवडीतून नवी शैली निर्माण करता येते, हे त्यातून दिसून आले. भारतात ‘फेमिना’ १९५९मध्ये, ‘एल’ची भारतीय आवृत्ती १९९६मध्ये आणि ‘व्होग’ची २००७मध्ये सुरू झाली. अशा नियतकालिकांनी या कामाला स्वतंत्र ओळख मिळवून दिली. त्यानंतर चित्रपट कलाकारांचे सार्वजनिक दर्शन आणि ऑनलाइन विक्री यांमुळे कामाचा विस्तार झाला.

शिवाजीनगर : वर्गाबाहेरची शाळा

बंगळुरूमध्ये हे शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्याला शिवाजीनगर टाळता येत नाही. पूर्वी ब्लॅकपल्ली म्हणून ओळखला जाणारा हा भाग ब्रिटिशांनी १८०९मध्ये वसवलेल्या लष्करी छावणीच्या परिसरात मोडतो. लगतच्या कमर्शियल स्ट्रीटवर आणि तिला मिळणाऱ्या गल्ल्यांमध्ये कापडाचे तागे, तयार कपडे, लेस, बटणे, चपला आणि कृत्रिम दागिने यांची दुकाने दाटीने उभी आहेत. जवळच १९३३मध्ये सुरू झालेले रसेल मार्केट आहे. खरेदीचे व्यवहार कन्नड, तमिळ, दख्खनी उर्दू, हिंदी आणि इंग्रजी अशा अनेक भाषांतून चालतात.

मराठी भाषकांचा या शहराशी असलेला संबंधही जुना आहे. सतराव्या शतकात बंगळुरू शहाजीराजांच्या जहागिरीत होते, तर शिवाजीनगर हे नाव छत्रपती शिवाजी महाराजांचे स्मरण करून देते. वस्त्रव्यवसायाचा धागा याहून अधिक जवळचा आहे. कापड रंगवणे व छापणे आणि कपडे शिवणे ही परंपरा असलेले भावसार क्षत्रिय व नामदेव शिंपी समाज कर्नाटकातील अनेक शहरांत स्थायिक झाले असून त्यांपैकी अनेक घरांत आजही मराठीचे एक रूप बोलले जाते.

अशा बाजारातून स्टायलिस्टला मिळणारे ज्ञान पुस्तकात सहजासहजी सापडत नाही. कापडाचा पन्हा किती, ते धुतल्यावर किती आटेल, अस्तर लावावे लागेल काय, उरेब कापल्यास ते अंगावर कसे पडेल, हे ताग्याला हात लावल्याखेरीज उमगत नाही. साडी दुकानाच्या दारापाशी नेऊन उजेडात पाहण्याच्या जुन्या सवयीमागेही शास्त्र आहे. वेगवेगळ्या दिव्यांच्या प्रकाशातील रंगांचे मिश्रण वेगळे असते. त्यामुळे ट्यूबलाइटखाली जुळणारे दोन रंग सूर्यप्रकाशात विजोड दिसू शकतात. स्टुडिओतील दिव्यांसाठी कपडे निवडणाऱ्याला हा फरक आधीच ओळखावा लागतो.

दुसरा धडा पैशांचा असतो. ठरावीक रकमेत तीन व्यक्तींचे तीन वेगळे पोशाख उभे करायचे, त्यांतील काय विकत घ्यायचे, काय भाड्याने आणायचे आणि कोणता जुना कपडा आल्टर करून वापरायचा, याचा हिशेब या व्यवसायात रोजचा आहे. उत्तम अभिरुची असलेला, पण खर्च आवाक्यात ठेवू न शकणारा सहायक फार काळ टिकत नाही.

कॅमेऱ्यासमोरचे नियम

डोळ्यांना सुंदर दिसणारे प्रत्येक वस्त्र कॅमेऱ्याला मानवत नाही. अतिशय बारीक रेघा किंवा चौकटी असलेल्या कापडावर चित्रफितीत लाटांसारखी नक्षी हलताना दिसते. कापडावरील रेघांची आणि कॅमेऱ्यातील प्रकाशग्राही बिंदूंची रचना एकमेकींवर आल्याने हा परिणाम घडतो. प्रखर प्रकाशात पांढऱ्याशुभ्र वस्त्राचे बारकावे नाहीसे होतात. पार्श्वभूमी नंतर बदलण्यासाठी मागे हिरवा पडदा लावला असेल, तर हिरवा पोशाख वर्ज्य ठरतो. कुरकुरीत रेशमाची सळसळ आणि बांगड्यांची किणकिण छातीवरच्या मायक्रोफोनमध्ये ऐकू येते.

चित्रपट किंवा मालिकेत सातत्य हा आणखी एक विषय असतो. एकाच प्रसंगाचे चित्रीकरण अनेक दिवस चालू शकते. पहिल्या दिवशी बाही किती दुमडली होती, पदर कोणत्या खांद्यावर होता, घड्याळ कोणत्या हातात होते, याची छायाचित्रांसह नोंद ठेवण्याचे काम बहुधा सहायकाकडे असते.

स्टायलिस्टच्या पेटीत सुई-दोरा, टाचण्या, सेफ्टी पिना, कात्री, दोन्ही बाजूंनी चिकटणारी पट्टी, चिमटे आणि लव काढण्याचा रोलर असतो. सैल सदरा पाठीमागे चिमटे लावून समोरून मापाचा दाखवला जातो. उसन्या आणलेल्या बुटांच्या तळव्यांना चिकटपट्टी लावली जाते, जेणेकरून ते विनाडाग परत करता यावेत. ग्लॅमरच्या या व्यवसायातील दिवसाचा मोठा भाग इस्त्री करणे, गाठोडी वाहणे, पावत्या जपणे आणि वस्तू वेळेवर परत करणे यांत जातो.

भानू अथय्या यांचा मार्ग

या क्षेत्रातील मराठी वारशाचे सर्वांत ठळक उदाहरण कोल्हापूरच्या भानू अथय्या यांचे आहे. १९२९मध्ये जन्मलेल्या भानुमती राजोपाध्ये यांचे वडील चित्रकार होते. त्यांनी स्वतः मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत चित्रकलेचे शिक्षण घेतले. त्यानंतर ‘फॅशन अँड ब्यूटी’ आणि ‘ईव्हज वीकली’ या नियतकालिकांसाठी त्या फॅशनची रेखाचित्रे काढत असत. तेथून प्रत्यक्ष पोशाख तयार करण्याकडे आणि १९५६च्या ‘सी. आय. डी.’पासून चित्रपटांकडे त्यांचा प्रवास झाला. ‘गांधी’ या चित्रपटाच्या वेशभूषेसाठी १९८३मध्ये जॉन मोलो यांच्यासमवेत त्यांना ऑस्कर पुरस्कार मिळाला. हा सन्मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय ठरल्या. २०२०मध्ये त्यांचे निधन झाले.

अथय्या वेशभूषाकार होत्या, त्यामुळे त्यांचा मार्ग आजच्या स्टायलिस्टला जसाच्या तसा लागू होत नाही. त्यातील क्रम मात्र बोधप्रद आहे. आधी रेषा आणि रंग यांचे शिस्तबद्ध शिक्षण, मग नियतकालिकात वेळेच्या बंधनात केलेले काम आणि त्यानंतर प्रत्यक्ष वस्त्र व ते वापरणारी व्यक्ती यांच्याशी संबंध, अशा पायऱ्यांनी त्यांची घडण झाली.

शिक्षणाचे उपलब्ध मार्ग

सरकारी क्षेत्रात राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्था, म्हणजेच निफ्ट, ही प्रमुख संस्था आहे. तिची स्थापना १९८६मध्ये दिल्लीत झाली. मुंबई केंद्र १९९५मध्ये आणि बंगळुरू केंद्र १९९७मध्ये सुरू झाले. आज ही केंद्रे अनुक्रमे नवी मुंबईतील खारघर येथे आणि बंगळुरूच्या एचएसआर लेआउट भागात आहेत. २००६च्या कायद्याने संस्थेला स्वतः पदवी देण्याचा अधिकार मिळाला. स्टायलिंगकडे जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी येथील ‘फॅशन कम्युनिकेशन’ हा चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम सर्वांत जवळचा मानला जातो. त्यात स्टायलिंगबरोबर छायाचित्रण, लेखन, ग्राफिक रचना आणि मांडणी हे विषयही येतात.

बारावीनंतरच्या या प्रवेशासाठी सर्जनक्षमता आणि सामान्य क्षमता यांची लेखी परीक्षा होते. पुढील टप्प्यात हाताशी दिलेल्या साहित्यातून एखादी वस्तू तयार करावी लागते. लेखी परीक्षेची प्रश्नपत्रिका इंग्रजी व हिंदीतून असते, ही बाब मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्यांनी आधीपासून लक्षात ठेवणे हिताचे आहे.

अनेक खासगी संस्थांत स्टायलिंगचे स्वतंत्र पदवी, पदविका व अल्पमुदतीचे अभ्यासक्रम आहेत. त्यांच्या शुल्कात आणि दर्जात मोठी तफावत आढळते. कमी खर्चाचा आणखी एक मार्ग औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमधून जातो. तेथील शिवणकाम, वस्त्रनिर्मिती आणि फॅशन तंत्रज्ञान या विषयांचे एक वर्षाचे अभ्यासक्रम स्टायलिस्ट घडवण्यासाठी आखलेले नाहीत. तरीही कापड, माप आणि शिलाई यांचा त्यांतून मिळणारा पाया चित्रीकरणाच्या ठिकाणी पदोपदी उपयोगी पडतो.

उमेदवारीची किंमत

अभ्यासक्रम संपल्यावर बहुतेकांची सुरुवात अनुभवी स्टायलिस्टचा सहायक म्हणून होते. हे काम अनेकदा तोंडी बोलीवर ठरते. कधी केवळ प्रवासखर्च मिळतो, तर कधी ‘अनुभव’ हाच मोबदला मानला जातो. १९६१च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानुसार नोंदणी झालेल्या उमेदवाराला विद्यावेतन देणे बंधनकारक आहे. परंतु एका स्टायलिस्टच्या हाताखाली अनौपचारिकरीत्या काम करणारा सहायक सहसा अशा नोंदणीच्या बाहेर राहतो.

याचा परिणाम कोण या व्यवसायात टिकतो यावर होतो. मुंबई किंवा बंगळुरूमध्ये ज्याचे स्वतःचे घर आहे, त्याला वर्ष-दोन वर्षे कमी पैशांत काढता येतात. सोलापूर, बेळगाव किंवा लातूरहून आलेल्या मुलीला मात्र खोलीचे भाडे, जेवण आणि शैक्षणिक कर्जाचा हप्ता यांची एकाच वेळी तोंडमिळवणी करावी लागते. गुणवत्तेत ती कमी नसते, तरी आधी थकते ती तिची शिल्लक. म्हणून शिक्षणाचा खर्च मोजताना शुल्काबरोबर उमेदवारीच्या काळातील निर्वाहाची रक्कमही जमेस धरणे आवश्यक आहे.

शहरागणिक कामाचे स्वरूपही बदलते. मुंबईत चित्रपट, जाहिरात आणि कलाकारांचे काम अधिक आहे. बंगळुरूमध्ये कन्नड चित्रपटसृष्टी, तयार कपड्यांचा मोठा उद्योग आणि २००७मध्ये येथेच सुरू झालेल्या मिंत्रासारख्या कंपन्या आहेत. ऑनलाइन विक्रीसाठीच्या छायाचित्रणात एका दिवसात अनेक कपडे एकाच पद्धतीने, पण नीटनेटके मांडावे लागतात. या कामात प्रसिद्धी कमी असली तरी ते अधिक नियमित असते आणि नवख्याचा हात त्यात लवकर बसतो.

प्रवेशापूर्वी विचारायचे प्रश्न

संस्थेच्या आकर्षक माहितीपत्रकावर विसंबण्यापूर्वी काही गोष्टींची लेखी खात्री करून घेणे उचित ठरते. मिळणारे प्रमाणपत्र मान्यताप्राप्त विद्यापीठाच्या पदवीचे आहे की संस्थेच्या स्वतःच्या पदविकेचे? एकूण तासांपैकी प्रत्यक्ष चित्रीकरणाचे तास किती? चित्रीकरणाचे साहित्य, छायाचित्रकार आणि मॉडेल यांचा खर्च शुल्कात धरलेला आहे की विद्यार्थ्याने करायचा? शिकवणारे स्वतः या व्यवसायात काम करतात काय? मागील तुकड्यांतील विद्यार्थी आज कोठे आणि कोणत्या पदावर आहेत? यांची स्पष्ट उत्तरे मिळत नसतील, तर पैसे भरण्याची घाई करू नये.

सहायक म्हणून काम स्वीकारतानाही मोबदला, कामाचे दिवस, प्रवासखर्च आणि श्रेयनामावलीतील उल्लेख यांविषयी किमान एक ई-मेल असावा. उसन्या आणलेल्या वस्तूचे नुकसान झाल्यास भरपाई कोणी करायची, हेही आधीच ठरवून घ्यावे. महागडे वस्त्र फाटल्यास सर्वांत कमी वेतन असलेल्याच्या खिशाला चाट बसण्याचा धोका त्यामुळे टळतो.

काम देणारी व्यक्ती प्रमाणपत्राआधी कामाच्या नमुन्यांची वही पाहते. ती तयार करण्यासाठी अभ्यासक्रम सुरू होण्याची वाट पाहावी लागत नाही. घरातील कपाट, शेजारची एखादी मैत्रीण, खिडकीतून येणारा सकाळचा प्रकाश आणि मोबाइलचा कॅमेरा एवढ्यावर पहिले पान सिद्ध होऊ शकते. एकाच साडीची किंवा एकाच सदऱ्याची पाच वेगळी रूपे मांडून पाहिल्यास या कामाची आपल्याला खरोखर आवड आहे काय, हे लाखो रुपये खर्च करण्यापूर्वीच समजू शकते.