गंजाखालची अक्षरे

बंदूक दिसली की मी दोन पावले मागे सरतो. तरी जुन्या लष्करी रायफली जमवणाऱ्यांकडून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. १८७१ची जर्मन माउझर घ्या. काळ्या दारूचे, ११ मिलिमीटरचे एकेक काडतूस भरायचे. दाराच्या कडीसारखा बोल्ट फिरवून मागे ओढला की नळी उघडते.

हा बोल्ट त्या-त्या नळीला नीट बसवलेला असे, म्हणून सुट्या भागांवरही क्रमांक ठोकत. दुरुस्तीत भागांची अदलाबदल झाली, की क्रमांक जुळत नाहीत. संग्राहक आधी तेच पाहतो. मग पलटणीची खूण शोधतो. ती सापडली, तर रायफल कुणाकडे होती याचा माग लागतो.

नवखा हौशी मात्र पॉलिश कागदाने घासून ती चकचकीत करतो. गंज जातो, त्याबरोबर अक्षरेही जातात. जाणता माणूस तेलाचा बोळा फिरवून थांबतो.

मीही एकदा कवितांची स्वच्छ प्रत काढून खोडाखोडीची वही रद्दीत दिली. कविता आहेत, त्या कशा झाल्या, हे आता मलाही सांगता येत नाही.