मातीशिवाय बाग : आपल्या घराला कोणती पद्धत परवडेल?

जिंतूरसारख्या गावात दोन खोल्यांच्या घराला अंगण असतेच असे नाही. असले तरी तिथे पाण्याचा ड्रम, सायकल आणि दोरीवरचे कपडे यांनी जागा भरलेली असते. तरीही खिडकीत एखादे हिरवे रोप असावे, चटणीला चार पाने पुदिना घरचा असावा, असे कोणाला वाटत नाही? माती नसली तरी हे जमते. पाण्यात विरघळवलेल्या खतावर रोपे वाढवण्याच्या या रीतीला हायड्रोपोनिक्स म्हणतात. अडचण आहे ती पद्धत निवडण्याची. निवड चुकली की कष्टाचे पैसे जातात.

हे आम्ही अनुभवाने सांगतो. आम्ही हौसेने पंपावर चालणारा नळ्यांचा संच घेतला होता. त्यात नळीच्या तळाने पाण्याचा पातळ थर सतत वाहतो आणि मुळे त्यातून अन्न घेतात. एप्रिलमधल्या एका दुपारी वीज गेली, ती दिवे लागणीपर्यंत आली नाही. आम्ही कामावर. घरी येऊन पाहतो तो पालकाची सगळी रोपे माना टाकून पडलेली! आपल्या तालुक्यात येलदरीला पूर्णा नदीवर धरण आहे, तिथे वीजही तयार होते. पण वीज गेली की घरातला पंप बंद पडायचा तो पडतोच.

खरे तर या विद्येला पंप लागतोच असे नाही. 'हायड्रोपोनिक्स' हे नाव कॅलिफोर्निया विद्यापीठाचे विल्यम गेरिक यांनी १९३७ साली रूढ केले. आपल्या देशात शाल्टो डग्लस यांनी १९४६ पासून बंगालमधील कालिंपाँग भागात प्रयोग केले. साधी खडी, वाळू आणि स्वस्त साहित्य वापरून सामान्य माणसाला जमेल अशी रीत त्यांनी बसवली. आपल्यालाही तीच दिशा धरायची आहे.

बिनपंपाच्या तीन पद्धती अशा :

पहिली, बाटलीची. मनी प्लांट, सिंगोनियम किंवा कोलियसची फांदी पेराखाली कापून पाण्यात ठेवावी. एक पेर पाण्यात बुडाले पाहिजे. बाटलीला बाहेरून कागद गुंडाळावा, म्हणजे शेवाळ धरत नाही.

दुसरी, वातीची. कुंडीत नारळाचा भुसा भरून पुदिना लावावा. खालच्या झाकणबंद डब्यात खताचे पाणी ठेवून, जुन्या नायलॉनच्या साडीची चिंधी वातीसारखी कुंडीत वर न्यावी. कंदिलाची वात रॉकेल ओढते तसे ती पाणी ओढते. सुती चिंधी लवकर कुजते, ती नको.

तिसरी, झाकणाच्या टबाची. झाकणाला भोके पाडून त्यात पालकाची रोपे बसवायची. सुरुवातीला मुळांची टोके पाण्यात असावीत. रोप पाणी पिते तशी पातळी खाली जाते आणि वरची मुळे हवा घेतात. म्हणून टब पुन्हा काठोकाठ भरू नये, मुळे गुदमरतात. या पद्धतीला रोज चार-पाच तास ऊन हवे. खोली अंधारी असेल तर हिच्या वाटेला जाऊ नये.

खत कृषी सेवा केंद्रात मिळते. पाण्यात पूर्ण विरघळणारे १९:१९:१९ मागावे. घरातल्या रोपांना दहा लिटरच्या बादलीला चहाचा एक सपाट चमचा पुरे. जास्त घातले तर पानांच्या कडा जळतात. खताची पुडी लहान मुलांपासून दूर ठेवावी. मसाल्याच्या डब्यात तर कधीच नको.

बोअरचे पाणी जड असते. कोवळी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या दिसू लागल्या, तर क्षारामुळे रोपाला लोह मिळत नाही असे समजावे. पावसाचे धरून ठेवलेले पाणी त्यात मिसळले तर फरक पडतो.

आता सर्वांत महत्त्वाचे. उघड्या साठलेल्या पाण्यात डेंग्यूचा डास अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवे डास तयार होतात. म्हणून आठवड्यातला एक वार ठरवून बाटल्या रिकाम्या कराव्यात, आतून घासाव्यात आणि पाणी बदलावे. टबाच्या झाकणाला फट ठेवू नये. काढलेले पाणी मोरीत ओतू नका. दारातल्या शेवग्याला घाला. टंचाईच्या दिवसांत तांब्याभर पाणीही वाया जाऊ नये.

भगिनींनो, ज्यांच्या नावावर गुंठाभर जमीन नाही त्यांच्याही घरात हिरवे पान डोलू शकते. मात्र पहिल्याच दिवशी संच विकत आणू नका. एक बाटली आणि एक फांदी, महिनाभर एवढेच सांभाळून पाहा. मुलांना मुळे मोजायला सांगा. ते जमले की वातीची कुंडी करा. वीज, पाणी आणि वेळ या तिन्हींचा हिशेब करून घराला जी झेपेल, तीच पद्धत आपली.