आवडीचे वाचन आणि टिपणवही

आपल्या समाजात वाचनाची आवड वाढत आहे, ही समाधानाची बाब होय. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर लागणारी पुस्तकांची दुकाने आणि तेथील गर्दी याची साक्ष देतात. परंतु वाचलेले टिकते किती, असा प्रश्न स्वतःला विचारला तेव्हा आमचीच मान खाली गेली.

महाविद्यालयात असताना दया पवार यांचे 'बलुतं' आम्ही ग्रंथालयातून आणून दोन रात्रींत वाचले आणि परत केले. पुढे बऱ्याच वर्षांनी मुलीने विचारले, "पप्पा, काय आहे त्या पुस्तकात?" आम्हाला चार वाक्येही धड सांगता आली नाहीत. तेव्हापासून आम्ही टिपणवही ठेवतो.

कोणी म्हणेल, परीक्षेसाठी टिपणे ठीक; आवडीने वाचताना ही कटकट कशाला? परंतु डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना ग्रंथांइतका आनंद क्वचितच कशाने दिला असेल. ग्रंथांना जागा हवी म्हणून त्यांनी दादरला 'राजगृह' बांधले. त्यांच्या संग्रहातील ग्रंथांवर पेन्सिलीच्या खुणा आढळतात. वाचनाचा आनंद आणि हातातील पेन्सिल यांचे त्यांच्याकडे वैर नव्हते.

बाबासाहेबांचे ग्रंथ स्वतःचे होते. आपल्यापैकी बहुतेकांचे पुस्तक वाचनालयाचे असते. त्यावर रेघ ओढू नये. मन जेथे थांबेल तेथे कागदाची चिठ्ठी घालावी व पुढे वाचत राहावे; म्हणजे गोडी मोडत नाही. प्रकरण संपल्यावर पुस्तक मिटून चार-पाच ओळी स्वतःच्या शब्दांत लिहाव्यात. वर पुस्तकाचे व लेखकाचे नाव, आवृत्तीचे वर्ष आणि तारीख टाकावी. लेखकाचे वाक्य जसेच्या तसे घेतले तर ते अवतरणचिन्हांत घालून पुढे पान क्रमांक द्यावा.

हा पान क्रमांक क्षुल्लक समजू नये. जयंतीच्या व्यासपीठावरून बाबासाहेबांच्या नावाने अनेक वाक्ये सांगितली जातात. कोणत्या खंडात, कोणत्या पानावर, असे विचारले की वक्ता गप्प होतो. आम्हीही एकदा असेच गप्प झालो होतो. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे खंड प्रसिद्ध केले आहेत. ते असताना ऐकीव वाक्य त्यांच्या तोंडी घालणे हा त्यांच्यावर अन्यायच होय.

बँकेत संगणक येण्यापूर्वी किर्द आणि खतावणी अशा दोन वह्या असत. किर्दीत रोजचे व्यवहार क्रमाने, खतावणीत तेच खातेवार. टिपणांचेही तसेच करावे. वाचाल तसे लिहीत जावे आणि वहीच्या शेवटी शिक्षण, स्त्रिया, शेती, धम्म अशी खाती पाडून पानांचे आकडे मांडावेत. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक यांनी टिपणवहीची अशीच एक सूचीपद्धत १६८६ साली प्रसिद्ध केली होती.

मात्र सर्वच उतरवत बसू नये. एका पुस्तकाला एक-दोन पाने पुरेत. एखादी कादंबरी नुसती वाचून ठेवली तरी बिघडत नाही.

विद्यार्थी मित्रांनो, आपल्या सोनगीरचे तांब्या-पितळेचे भांडे ठोक्यांनीच आकार घेते, हे तुम्ही लहानपणापासून पाहता. वाचलेल्या गोष्टीलाही असा एखादा ठोका हवा. येत्या जयंतीला प्रत्येकाने आपल्या वहीतील एक पान सभेत वाचून दाखवावे, अशी आमची सूचना आहे. आमची वही आम्ही घेऊन येऊ.