देवनागरी क्षेत्रनाम आणि 'नाव अस्तित्वात नाही' हे उत्तर : 'एनएसलुकअप' व 'डिग' या आज्ञांच्या संदर्भात

प्रस्तावना :

संगणकाच्या जाळ्यावरील नावांचे अंकी पत्त्यांत रूपांतर करणारी डीएनएस ही व्यवस्था १९८३ मध्ये पॉल मॉकापेट्रिस यांनी मांडली. तिच्यातील नावे रोमन अक्षरे, अंक व संयोगचिन्ह यांनीच घडत. २७ ऑगस्ट २०१४ रोजी '.भारत' हे देवनागरी क्षेत्रनाम मराठी व कोकणीसह आठ भाषांसाठी खुले झाले. मालवण तालुक्यातील आचरा गावासाठी 'आचऱ्याचीखाडी.भारत' असे नाव कोणी नोंदविले, अशी कल्पना केल्यास एक अडचण संभवते. नोंदणी पूर्ण झालेली असूनही संगणक कक्षातील 'एनएसलुकअप' ही आज्ञा 'नॉन-एक्झिस्टंट डोमेन' असे कळविते. सदर उत्तराचा नेमका अर्थ काय, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

विवेचन :

उत्तरच न येणे, 'सर्व्हफेल' येणे आणि 'एनएक्सडोमेन' येणे या तीन भिन्न गोष्टी आहेत. पहिलीत जोडणी किंवा सर्व्हर संशयास्पद ठरतो. दुसरीत सर्व्हरला उत्तर मिळविता किंवा पडताळता आलेले नसते. अशा वेळी आज्ञेच्या शेवटी दुसऱ्या सर्व्हरचा पत्ता देऊन पाहावे. तिसऱ्या उत्तराचा अर्थ मात्र एवढाच की, विचारलेले नाव अस्तित्वात नाही. ते नाव वाचकाच्या डोळ्यांना दिसते तेच असेल, असे नाही.

देवनागरी नाव जाळ्यावर 'प्युनिकोड' या रोमन रूपात जाते. '.भारत' याचे रूप 'एक्सएन--एच२बीआरजे९सी' असे आहे. हे रूपांतर न करणाऱ्या साधनाकडून चुकीचा प्रश्न जातो. म्हणून संपूर्ण रोमन रूप स्वतः टंकावे व शेवटी पूर्णविरामाचे टिंब द्यावे, म्हणजे 'एनएसलुकअप' स्थानिक जाळ्याचे उपपद त्यास जोडणार नाही.

खरी गुंतागुंत आहे ती मराठीच्या 'ऱ्य' मध्ये. तो 'ऱ' (यू+०९३१), हलन्त व 'य' असा लिहिता येतो. तसाच साधा 'र' (यू+०९३०), हलन्त, अदृश्य जोडक (यू+२००डी) व 'य' असाही. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, प्युनिकोड रूपे मात्र वेगळी होतात. भरीस भर म्हणजे २००३ चे आयडीएन नियम हा जोडक गाळून टाकीत. त्यामुळे 'आचऱ्याची'चे 'आचर्याची' होई. २०१० च्या नियमांनी हलन्तानंतर जोडकास मुभा दिली. अर्थात कळफलक आणि साधनाची आवृत्ती बदलली की एकाच नावाची दोन-तीन नावे होतात! शुद्धलेखन अचूक असूनही हे घडते, हे भाषेच्या अध्यापकांनीही ध्यानात घ्यावे.

याचा उलगडा 'डिग'च्या उत्तरातील 'क्वेश्चन सेक्शन' या भागात होतो. उत्तराआधी तोच वाचावा. काही आवृत्त्या तेथे नाव पुन्हा देवनागरीत दाखवितात व भेद झाकतात. त्यासाठी '+नोआयडीएनआउट' हा पर्याय द्यावा लागतो. मग दिसणारे 'एक्सएन' रूप नोंदणीच्या वेळी मिळालेल्या रूपाशी अक्षरशः ताडून पाहावे. ते रूप नोंदणीच्या कागदांत जपलेले नसल्यास दोन्ही पद्धतींनी नाव टंकून प्रत्येकाची स्वतंत्र चौकशी करावी लागते.