भिंती गेल्या, आवाज राहिला

दिवाळीपूर्वी रंग देण्यासाठी घरातील खोली रिकामी केली, की तिच्यात आपलाच आवाज कसा घुमतो, हे तुम्ही अनुभवले असेल. गाद्या, पडदे, कपडे परत आले, की घुमणे थांबते. एवढी साधी गोष्ट ध्यानात न घेतल्यामुळे एका कामगाराचा पगार कसा कमी झाला, ते आज पाहू या.

छत्रपती संभाजीनगरजवळच्या चिकलठाणा औद्योगिक वसाहतीत एका लहान कारखान्यात माझा जुना विद्यार्थी नोकरी करतो. तेथील कचेरीत पूर्वी सहा खोल्या होत्या. उन्हाळ्याच्या तोंडी मालकांनी मधल्या भिंती पाडून एकच मोठे दालन केले. उजेड वाढला, हवा खेळू लागली. उन्हाळाभर कोणाचीच तक्रार नव्हती. पाऊस लागला, कूलर बंद झाले आणि मग मात्र जो तो म्हणू लागला, ‘फार गलका होतो!’

त्याच महिन्यात पगारपत्रक करणाऱ्या बाईंनी एका टर्नरच्या जादा कामाचे ३८ तास १८ असे लिहिले. शेजारच्या टेबलावर फोनवरून मालाचे आकडे मोठ्याने सांगणे चालू होते. टर्नरचे पैसे बुडाले, बाईंना समज मिळाली. माझा विद्यार्थी घरी आला आणि म्हणाला, “सर, चूक बाईंची नाही, हॉलची आहे. हे दाखवता येईल का?”

सुटीच्या दिवशी आम्ही तेथे गेलो. दालन २० मीटर लांब, १० मीटर रुंद आणि साडेतीन मीटर उंच. खाली गुळगुळीत फरशी, वर स्लॅब, बाजूंना गिलावा. मी एक फुगा फोडला. आवाज विरायला तीन सेकंदांहून अधिक वेळ लागला. यालाच निनाद म्हणतात.

निनादाचे गणित अमेरिकेतील वॉलेस सॅबाइन या भौतिकीच्या तरुण अध्यापकाने मांडले. हार्वर्ड विद्यापीठात १८९५ साली उघडलेल्या फॉग संग्रहालयाच्या व्याख्यानगृहात वक्त्याचे शब्द एकमेकांत मिसळून जात. सॅबाइनने जवळच्या नाट्यगृहातील बैठकांच्या गाद्या रात्री तेथे आणल्या, ऑर्गनची नळी वाजवली आणि गाद्या वाढतील तसा आवाज किती लवकर विरतो ते मोजले. (सकाळी गाद्या परत नेऊन ठेवाव्या लागत, हे वेगळे सांगायला नको.) आवाजाची ऊर्जा दशलक्षांश होण्यास लागणारा वेळ म्हणजे निनादकाल. त्याचे सूत्र असे:

निनादकाल (सेकंद) = ०.१६१ × घनफळ (घनमीटर) ÷ एकूण शोषण (चौरस मीटर)

शोषण काढण्यासाठी प्रत्येक पृष्ठाच्या क्षेत्रफळाला त्याच्या शोषण गुणांकाने गुणायचे. आमच्या दालनाचे घनफळ ७०० घनमीटर, सर्व पृष्ठे मिळून ६१० चौरस मीटर. फरशी व गिलाव्याचा गुणांक ०.०३ धरला, तर शोषण सुमारे १८. टेबले, खुर्च्या, कागद यांचे अंदाजे १२. एकूण ३०. निनादकाल आला पावणेचार सेकंद! कचेरीला पाऊण सेकंदही पुष्कळ होतो. तुमच्या वर्गाचे हे गणित शिक्षकांच्या मदतीने करून पाहा.

आता भिंतींनी काय केले होते ते पाहा. साडेचार इंची, दोन्हीकडून गिलावा केलेली विटांची भिंत आवाज सुमारे ४० डेसिबेलने कमी करते, म्हणजे पलीकडे दहा हजारांश ऊर्जा पोचते. भिंती गेल्या आणि तो अडसर गेला. मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट झाले की आवाज ६ डेसिबेलने उतरतो. पण अशा घुमणाऱ्या दालनात बोलणाऱ्यापासून साधारण एक मीटरनंतर तो फारसा उतरतच नाही. टेबले दूर हलवून उपयोग नाही, तो यामुळेच.

पुढे मालकांनी छताला खनिज तंतूंचे सच्छिद्र तक्ते लावले. गुणांक ०.७ धरला, तर २०० चौरस मीटर छताचे शोषण १४०. स्लॅबचे ६ वजा केले, की एकूण १६४; निनादकाल ०.७ सेकंद. सर्वदूर पसरणारा आवाज सुमारे ७ डेसिबेलने उतरला. सगळे खूश झाले, पण चारच दिवस! कारण गलका गेल्यावर शेजाऱ्याचा शब्दन्‌शब्द स्पष्ट ऐकू येऊ लागला. आकडे लक्षात ठेवताना कानावर पडणारे बोलणे घातक ठरते. कोल आणि वेल्श यांनी १९७६ साली दाखवून दिले, की ते बोलणे न कळणाऱ्या भाषेतले असले तरी स्मरण बिघडते. उन्हाळ्यात कूलरची एकसुरी घरघर हेच बोलणे झाकून टाकत होती. ज्याला आपण गोंगाट म्हणत होतो, तोच बाईंचा रक्षक होता!

मधे उभे पडदे लावावेत, असे कोणी सुचवले. ५०० हर्ट्‌झच्या ध्वनीची तरंगलांबी जवळजवळ ७० सेंटिमीटर असते. असा ध्वनी पडद्याच्या कडेवरून वळतो. थोडा उपयोग होतो, पण भिंतीची सर नाही.

शेवटी मालकांनी माझे आकडेमोडीचे कागद ठेवून घेतले. टर्नरला २० तासांचे पैसे पुढच्या पगारात मिळाले. जुन्या दप्तरखान्याच्या भिंती पाडायच्या राहिल्या होत्या. बाईंचे टेबल तेथे गेले. दाराखाली दोन बोटे फट आहे. भिंतीच्या एक टक्का क्षेत्रफळाची फट राहिली, तरी ४० डेसिबेलचा अडसर २० वर येतो. ही फट त्याहून लहान आहे, तरी रबराची पट्टी लावा, असे मी सांगून आलो आहे.