गवळाऊ गोधनाची जोपासना

सातपुड्याच्या दक्षिण उतारावर पांढुर्णा व सौंसर हा मराठी भाषिक मुलूख वसला आहे. 1956 च्या राज्य पुनर्रचनेत तो मध्य प्रदेशात राहिला आणि लगतचे नागपूर व वर्धा जिल्हे तत्कालीन मुंबई राज्यात गेले. 2023 साली छिंदवाड्यातून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. या सीमा गोधनाने मात्र कधीच मानल्या नाहीत. गवळाऊ जातीची जनावरे वर्ध्यापासून सौंसर, शिवनी, बालाघाटपर्यंत आढळतात.

दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतात ओझे वाहण्यास जसा लामा, तसा आपल्या डोंगराळ वाटांना गवळाऊ बैल. मराठ्यांच्या फौजांची जलद वाहतूक करण्यासाठी ही जात जोपासली गेली, असे मानले जाते. हलका, लांबट बांधा व चपळ चाल पाहता ते पटण्याजोगे आहे.

जातिवंत जनावर ओळखणे कठीण नाही. चेहरा लांब व अरुंद, कपाळ सपाट पण वरच्या बाजूस मागे झुकलेले, डोळे बदामी, शिंगे आखूड, बोथट व किंचित मागे वळलेली असतात. गाय पांढरीशुभ्र असते. वळूच्या मानेवर व वशिंडावर राखी छटा दिसते. अशी कालवड कळपात उठून दिसते, आणि गोपालकाचा अर्धा आनंद या पारखण्यातच आहे. विण्याच्या रात्री गोठ्यात जागणे, वासरास पहिल्या तासाभरात चीक पाजणे, पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे हळद व लोण्याने चोळणे, ही कामे घरातील मुलेही हौसेने करतात. शिक्षकांनी तान्हा पोळ्याच्या निमित्ताने लाकडी बैलासोबत गावातील खऱ्या गवळाऊ जनावरांची यादी मुलांकडून करवून घ्यावी.

अडचण आहे ती दुधाची. एका वेतात सरासरी सुमारे 600 किलो दूध देणारी गाय संकरित गाईपुढे हिशेबात टिकत नाही. ट्रॅक्टर आल्याने बैलाची मागणीही घटली. परिणामी सरसकट संकर होऊन शुद्ध जात विरळ होत आहे. ज्यास विक्रीसाठी दूध हवे, त्याने संकरित गाय जरूर पाळावी. परंतु उन्हाळ्यात कडब्यावर निभावणाऱ्या गाईचे मोल केवळ लिटरमध्ये मोजणे योग्य नव्हे.

शुद्ध गवळाऊ गाय माजावर आल्यास त्याच जातीचे रेत मागावे आणि वळू गावातीलच असल्यास बाप-लेकीचा संबंध टाळावा. प्रत्येक वेताची तारीख वहीत लिहावी. आणखी एक गोष्ट दुर्लक्षिली जाते: उत्तम गोऱ्हा बैलजोडीसाठी खच्ची केला जातो व निकृष्ट गोऱ्हा मोकाट राहून गावचा वळू बनतो. यास्तव लक्षणयुक्त गोऱ्हा खच्चीकरणापूर्वी नजीकच्या पशुवैद्यकीय अधिकाऱ्यास दाखवून तो पैदाशीसाठी राखण्यायोग्य आहे किंवा कसे, हे ठरवून घ्यावे.