पृष्ठीय अपवाह व जलवायुमानातील बदल
पृष्ठीय अपवाह : पडलेल्या पावसापैकी जमिनीत न मुरता व बाष्परूपाने न जाता उतारावरून ओढ्यानाल्यांकडे वाहणारे पाणी. एक हेक्टर क्षेत्रावर १ मिमी. पाऊस पडल्यास १० घ. मी. पाणी मिळते. त्यातील किती वाहून जाईल, हे वार्षिक पर्जन्यमानापेक्षा पावसाची तीव्रता, सरींमधील खंड व जमिनीतील आधीची ओल यांवर अधिक अवलंबून असते. जलवायुमानातील बदलाचा परिणाम मुख्यतः यांच्याद्वारेच होतो.

तापमान १° से.ने वाढल्यास हवेची बाष्प सामावून घेण्याची क्षमता सु. ७ टक्क्यांनी वाढते. साहजिकच पाऊस पडतो तेव्हा अधिक जोराने पडू शकतो. मध्य भारतात १९५०–२०१५ या काळात विस्तृत अतिवृष्टीच्या घटना सु. तिप्पट झाल्याचे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले. एकूण मोसमी पाऊस मात्र घटला होता. दीर्घ खंडात बाष्पीभवनाने जमीन कोरडी होते आणि त्यानंतरच्या हलक्या सरींचा अपवाह उलट कमी होतो. काळ्या जमिनीत प्रथम भेगांतून पाणी मुरते. पण ती फुगून भेगा मिटल्या की पुढचा पाऊस बहुतेक वाहूनच जातो.

कोल्हापूर जिल्ह्यातील हातकणंगले तालुका पर्जन्यछायेत येतो. त्याच्या उत्तर सीमेकडून वारणा व दक्षिण भागातून पंचगंगा वाहते. या नद्यांचे पाणी प्रामुख्याने सह्याद्रीकडचे. गगनबावड्यास वर्षाला ५,००० मिमी.हून अधिक पाऊस होतो. त्यामुळे रुई, इंगळी या गावी आभाळ उघडे असूनही पूर चढू शकतो. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट आहे. ती २०१९ मध्ये ५५ आणि २०२१ मध्ये ५६ फुटांच्या वर गेली. दोन्ही वेळी शिरोलीजवळ राष्ट्रीय महामार्ग बंद पडला. अर्थात याचे सर्व खापर हवामानावर फोडणे शास्त्रीय नव्हे : धरणांतील विसर्ग, पात्रालगतचे भराव व बांधकामे यांचाही वाटा असतो.

निळी पूररेषा २५ वर्षांतून व लाल १०० वर्षांतून एकदा अपेक्षित असलेल्या पुरावरून आखतात. या गणितात भावी पाऊस मागील नोंदींसारखाच राहील, असे गृहीत धरलेले असते. ते गृहीतक डळमळीत झाल्याने नव्या नोंदी धरून रेषा वेळोवेळी तपासाव्या लागतात. पुलांचे गाळे व गावांचे पुनर्वसन ठरविताना त्यांचाही विचार होऊ शकतो.